इंग्रजी पत्रांतील ‘अशुद्धें’ आणि संपादकाची लेखणी

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांत सुरत, मुंबई, राजापूर येथील इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रव्यवहाराचें महत्त्व सर्वमान्य आहे. अशीं पत्रें छापतांना त्यांतील भाषा ‘शुद्ध’ करून देण्याचा मोह संपादकास होतो. हल्लींच्या इंग्रजी व्याकरणाचें एखादें पुस्तक जवळ घ्यावें, त्यांतील नियमांशीं जें जुळणार नाहीं तें कारकुनाचें अज्ञान समजावें व दुरुस्त करावें, अशी ही पद्धति. ती आम्हांस घातक वाटते.

कोणताही कागद पुढें आला कीं आपण प्रथम त्याची मिती पाहतों. मग नियमाची मिती कां पाहूं नये? वाक्याच्या शेवटीं शब्दयोगी अव्यय येऊं नये, हा आक्षेप ड्रायडन कवीनें १६७२ सालीं बेन जॉन्सनच्या लेखनावर घेतला. आणि स्वतःचा १६६८ चा नाट्यविषयक निबंध १६८४ सालीं पुन्हां छापतांना त्यांतील तशा रचना बदलल्या. म्हणजे १६६४ सालीं शिवछत्रपतींनीं सुरत लुटली तेव्हां तेथील वखारींतल्या लेखकास हा निर्बंध पाळण्याचें कांहीं कारण नव्हतें. पुढें १७६२ सालीं रॉबर्ट लौथ याचें व्याकरण निघालें. त्यानेंही ही रचना सर्वस्वीं निषिद्ध ठरविली नाहीं. गंभीर लेखनास दुसरी रचना अधिक शोभते, इतकाच त्याचा अभिप्राय. लिंडले मरे याच्या १७९५ च्या व्याकरणानें असे अभिप्राय शाळाशाळांतून पसरविले. ‘टु’ व क्रियापद यांच्यामध्यें क्रियाविशेषण घालूं नये, हा दंडक तर एकोणिसाव्या शतकांतला. हेन्री आल्फर्ड यानें १८६४ सालीं त्याचा पुरस्कार केला. फौलर यानें १९२६ सालीं त्याच्या आंधळ्या पालनाची थट्टा केली. अशा नियमानें जुन्या पत्राचें माप घेणें म्हणजे नातवाच्या अंगरख्याचें माप आज्यास लावण्यासारखें आहे.

‘इट्स’ या षष्ठीच्या रूपाची हकीकत अधिक बोधप्रद आहे. हें रूप सोळाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारांत आलें. १६११ च्या इंग्रजी बायबलाच्या मूळ मुद्रणांत तें नाहीं. रूढ झाल्यावरही अठराव्या शतकांत तें पुष्कळदां लोपचिन्हासह लिहीत. अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेच्या हस्तलिखितांतही तें तसें आढळतें. आज हीच शाळकरी मुलाची चूक गणली जाते. तेवढ्यावरून संग्राहकानें एखादें जुनें पत्र बनावट ठरविलें तर अन्याय होईल. आणि संपादकानें तें चिन्ह पुसलें तर काळाचा एक बारीक पुरावा नष्ट होईल. ‘वाय’ अक्षरावर लहान ‘ई’ काढून लिहिलेल्या शब्दाची गोष्टही तशीच. तो ‘यी’ नव्हे, ‘दि’ होय. ‘थॉर्न’ नांवाच्या प्राचीन अक्षराचें रूप लेखकांच्या हातीं ‘वाय’सारखें झालें, इतकेंच.

येथवर प्रश्न रूपाचा झाला. परंतु अर्थही पालटतो. षष्ठीच्या अनेकवचनाचें लोपचिन्ह अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत स्थिर झालें नव्हतें. समजा, एखाद्या पत्रांत लुटलेल्या मालाविषयीं चिन्हावांचून नुसतें ‘मर्चंट्स गुड्स’ असें लिहिलें आहे. संपादकानें ‘स’कारापूर्वीं चिन्ह घातलें कीं माल एका व्यापाऱ्याचा होतो, नंतर घातलें कीं अनेकांचा. मूळ लेखकानें जें उघडें ठेविलें तें संपादकानें एका टिंबानें मिटविलें, आणि पुढचा इतिहासकार त्या टिंबासच पुरावा मानून चालणार! ‘ध’चा ‘मा’ झाल्याची आख्यायिका खरी असो वा नसो, एका अक्षराची किंमत आपल्या लोकांस तिनें शिकविली आहे.

वाचकाच्या सोयीसाठीं थोडीबहुत दुरुस्ती हवीच, असें याच्या उलट म्हणतां येईल, व तें अगदींच खोटें नाहीं. मोडी पत्रांत शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हें नसतात. तीं आपण छापतांना घालतों. मेजर कँडी यांच्या १८५० च्या पुस्तिकेनंतर इंग्रजी वळणाचीं चिन्हें मराठींत रुळलीं. त्यांवांचून आजचा वाचक अडखळेल. परंतु मोडीचा जाणकार तीं चिन्हें संपादकाचीं आहेत हें जाणतो. इंग्रजी पत्रांत मूळ लेखकाचींही चिन्हें असतात. त्यांत संपादकाचीं मिसळलीं कीं निवडतां येत नाहींत. धोका आहे तो येथें.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच कीं, मूळ पाठ चिन्हांसह जसाच्या तसा द्यावा. घातलेलें प्रत्येक चिन्ह चौकटी कंसांत दाखवावें. आणि शंकास्थळीं टीप द्यावी. व्याकरणाचें पुस्तक संपादकानें खुशाल जवळ ठेवावें. पण तें कोणत्या सालचें आहे, हें आधीं पाहावें.