अदब आणि निद्रा : इस्लामी शयनाचाराच्या संहितांचे एक वाचन

मराठीत ‘अदब’ हा शब्द फारसीच्या वाटेने आला आणि येताना आपला निम्मा अर्थ मागे ठेवून आला. ‘अदबीने बोलणे’, ‘अदब राखणे’ अशा प्रयोगांत तो मानमर्यादेपुरता उरला. अरबीत मात्र शिष्टाचार, सुसंस्कृतपणा, वाणीचे शिक्षण आणि पुढे साहित्य असे अर्थ या एकाच शब्दात नांदतात; उर्दूतही साहित्याला ‘अदब’च म्हणतात. हा अर्थसंकोच केवळ कोशापुरता राहिलेला नाही. इस्लामी आचारविषयक लेखन आपण नियमांची यादी म्हणून वाचतो. त्यातील रचना, शब्दनिवड आणि कथनाची रीत यांकडे साहित्याचे अभ्यासक म्हणून पाहत नाही.

झोपेच्या आचारांविषयी हे विशेषत्वाने जाणवते. उजव्या कुशीवर निजावे, निजण्यापूर्वी वुजू करावी, दिवे मालवावेत, भांडी झाकावीत, दारे लावावीत, पालथे झोपू नये हे सारे सर्वपरिचित आहे. त्याचे दोन प्रकारचे वाचन रूढ आहे. एक विधिनिषेधात्मक. दुसरे अलीकडचे, आरोग्यपर : उजवी कूस पचनाला अथवा हृदयाला कशी हितकर, हे सांगून परंपरेला विज्ञानाचे प्रमाणपत्र मिळवून देणारे. दोन्ही वाचनांत आचार उरतो, संहिता हरवते. या संहितांच्या केंद्रस्थानी आरोग्य नसून परतीची अनिश्चितता आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

१. अंथरूण आणि आत्मा

बुखारी (८१०–८७०) यांच्या संग्रहात अबू हुरैरा यांच्याकडून आलेली एक हदीस आहे. निजावयास येणाऱ्याने आपल्या वस्त्राच्या आतल्या काठाने अंथरूण झटकावे. कारण आपण उठून गेल्यानंतर त्यावर काय आले, हे त्याला ठाऊक नसते. लगेच पुढे प्रार्थना येते. तिचा आशय असा : तुझ्या नावाने मी कूस टेकवीत आहे, तुझ्याच साहाय्याने ती उचलीन, माझा जीव तू ठेवून घेतलास तर त्याच्यावर दया कर, परत पाठविलास तर त्याचे रक्षण कर.

विंचूकिड्याची व्यावहारिक शंका आणि आत्म्याच्या परतीची चिंता एकाच निवेदनात शेजारी का यावीत? उत्तर ‘ठाऊक नसते’ या कारणात आहे. आपल्या गैरहजेरीत अंथरुणावर काय आले हे माणसाला ठाऊक नाही आणि आता स्वतःपासूनच गैरहजर होताना आपण परतू की नाही, हेही ठाऊक नाही. पहिले अज्ञान वस्त्राच्या काठाने दूर होते. दुसऱ्यासाठी केवळ शब्द उरतात.

हे शब्दही स्वतंत्र नाहीत. कुराणाच्या ३९व्या सूरेतील ४२व्या आयतीनुसार ईश्वर मृत्युसमयी जीव हस्तगत करतो आणि जे मेले नाहीत त्यांचे त्यांच्या निद्रेत. ज्यांचा मृत्यू ठरला ते ठेवून घेतो, इतरांना नियत काळापर्यंत परत पाठवितो. ‘ठेवून घेणे’ आणि ‘पाठविणे’ हीच क्रियापदे प्रार्थनेत आली आहेत. मात्र आयतीतील तृतीय पुरुष येथे संबोधन होतो आणि विधानाच्या जागी ‘जर’ येतो. अखिल मानवजातीविषयीचा सिद्धान्त एका माणसाच्या अंथरुणावर उतरतो, तो या व्याकरणिक बदलातून. ग्रीक पुराकथेतही निद्रा आणि मृत्यू ही जुळी भावंडे आहेत; परंतु तेथे ती दोन व्यक्तिरेखा म्हणून येतात. येथे ती एकाच वाक्याच्या दोन शक्यता आहेत.

२. एक शब्द आणि एक जाते

बुखारींच्या संग्रहातील वुजूविषयक ग्रंथाची अखेर निद्रेच्या हदीसने होते, हा क्रम लक्षणीय आहे. अल्-बरा इब्न आज़िब यांना पैगंबरांनी निजतेवेळची प्रार्थना शिकविली आणि हेच दिवसाचे अखेरचे शब्द असू द्यावेत, असे सांगितले. अल्-बरांनी ती म्हणून दाखविताना ‘नबी’च्या जागी ‘रसूल’ म्हटले. पैगंबरांनी त्यांना थांबविले आणि मूळ शब्दच म्हणावयास लावला. दोन्ही पदे एकाच व्यक्तीला लागू होतात, तरी पर्याय चालला नाही. जे शब्द अखेरचे ठरण्याची शक्यता आहे, त्यांत समानार्थी शब्दाला जागा नाही. अनुवादाचा विचार करणाऱ्या तौलनिक अभ्यासकाने या प्रसंगापाशी थांबावयास हवे.

दुसरा प्रसंग फातिमा यांचा. जाते ओढून त्यांच्या हातांना त्रास होऊ लागला. सेवक मागण्यासाठी त्या पित्याकडे गेल्या, पण भेट झाली नाही. रात्री फातिमा व अली निजले असता पैगंबर आले आणि दोघांच्या मधे बसले; त्यांच्या पावलांचा गारवा आपल्या छातीला जाणवला, असे अली सांगतात. सेवकापेक्षा उत्तम म्हणून त्यांनी निजताना करावयाचे ३३, ३३ आणि ३४ वेळचे नामस्मरण दिले. अलींनी ते पुढे कधीही सोडले नाही. सिफ्फीनच्या (६५७) रात्रीही नाही.

खिशात मावणाऱ्या प्रार्थनासंग्रहांत यातील आकडे राहतात. जाते आणि पावलांचा गारवा गळून जातो. जात्याशी बोलणाऱ्या ओव्यांची परंपरा असलेल्या मराठी वाचकाला ही हानी किती मोठी, हे सांगावयास नको. श्रमाच्या तक्रारीला शब्दांनी दिलेले उत्तर आजच्या वाचकाला अस्वस्थही करील. कथन ती अस्वस्थता लपवीत नाही. मागणी आणि दान यांतील अंतर ते तसेच ठेवते. यादी मात्र ते बुजवून टाकते.

३. गझालींची मांडणी

गझाली (१०५८–११११) यांच्या ‘इह्या उलूम अल्-दीन’मध्ये चार विभाग आणि ४० ग्रंथ आहेत. भोजनाचे शिष्टाचार दुसऱ्या, म्हणजे लौकिक व्यवहारांच्या विभागाच्या प्रारंभी येतात. निद्रेचे मात्र पहिल्या, उपासनेच्या विभागातील अखेरच्या ग्रंथात. रात्रीच्या नित्योपासनांत निद्रा ही तिसरी. तिचे आचार पाळल्यास तीही उपासनाच ठरते, अशी त्यांची भूमिका आहे. जेवणारा माणूस जागा असतो, तरी त्याची गणना व्यवहारात. आणि ज्याला कोणताही संकल्प करता येत नाही त्या निद्रिस्ताची उपासनेत. या विरोधाभासाचा उलगडा त्यांच्या दहा आचारांच्या क्रमात होतो : शुद्धी, उशाशी पाणी व मिसवाक, लिहून ठेवलेले मृत्युपत्र, पश्चात्ताप व सर्वांविषयी निर्मळ मन, मऊ बिछान्याचा त्याग, झोप अनावर झाल्यावरच निजणे, किब्ल्याकडे मुख, प्रार्थना, मृत्यूचे स्मरण आणि जागृतीची प्रार्थना. हा क्रम अंत्यसमयाच्या तयारीचा आहे. दहाव्या आचाराने त्याचे पुनरुत्थानात रूपांतर होते. विखुरलेल्या हदीसींना गझालींनी आरंभ, मध्य आणि अंत दिला.

या मांडणीची किंमतही ध्यानात घ्यावयास हवी. रात्रभर उपासना करणाऱ्या अब्दुल्ला इब्न अम्र यांना, शरीराचाही तुझ्यावर हक्क आहे, असे पैगंबरांनी बजावल्याचे हदीस सांगते. गझालींच्या वैराग्यप्रवण क्रमात हा हक्क काहीसा संकोचतो. विश्रांती पुढच्या जागरणाचे साधन होते.

४. न निजणारा आणि निजविला जाणारा

निजताना म्हटली जाणारी ‘आयत अल्-कुर्सी’ (२:२५५) ईश्वराला डुलकीही लागत नाही आणि झोपही, असे सांगते. डुलकी आधी, झोप नंतर; जागृतीला जाणारा बारीकसा तडाही प्रथम नाकारला जातो. डोळे मिटू लागलेला माणूस कधीही डोळे न मिटणाऱ्याचे वर्णन करीत निजतो.

पंढरपूरच्या उपासनेत याच्या उलट टोकाची कल्पना दिसते. तेथे शेजारतीने देवाला निजवितात, काकडआरतीने उठवितात. आषाढीच्या शयनी एकादशीला निजलेला देव कार्तिकीच्या प्रबोधिनीला जागा होतो. एका परंपरेत देव निजतो म्हणून भक्तावर जागविण्याचे दायित्व येते. दुसरीत देव निजत नाही म्हणून भक्ताला निजता येते. ही तुलना श्रेष्ठकनिष्ठ ठरविण्यासाठी नाही. आपली असुरक्षितता माणूस कोणाच्या जागेपणावर सोपवितो, या एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे आहेत.

शयनाचाराच्या या संहिता नियम सांगतात, हे खरेच. पण नियमाला कारण, कारणाला प्रसंग आणि प्रसंगाला नेमका शब्द देतात. आरोग्याचा दाखला उद्या बदलला, तर त्यावर उभे केलेले समर्थन कोसळेल. ‘ठाऊक नसते’ हे कारण मात्र प्रत्येक रात्री तसेच राहील. ‘अदब’ या शब्दाचा मराठीच्या वाटेवर सुटलेला अर्थ परत मिळवावयाचा असेल, तर त्याचा आरंभ अशा वाचनापासून करता येईल.