दुर्मिळाची नोंद : कविसमय आणि पक्षिनिरीक्षकाचा वसंत

मराठी समीक्षेने पक्षिविषयक लेखनाची दखल घेतली ती बहुतांशी ललित गद्याचा एक उपप्रकार म्हणून. मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षी जाय दिगंतरा’ किंवा ‘रातवा’ यांसारख्या पुस्तकांविषयी लिहिताना चित्रमयता, तरलता, निसर्गाशी तादात्म्य ही शब्दावली आपण हाताशी ठेवलेली असते. ती वापरून झाली की लेख संपतो. २००६ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद चितमपल्लींकडे आले, तेव्हा तरी या लेखनाच्या स्वरूपाची तात्त्विक चर्चा व्हावयास हवी होती. गौरव पुष्कळ झाला. चर्चा मात्र त्या मानाने झाली नाही. लेखकाने पाहिला म्हणून सांगितलेला पक्षी तेथे खरोखर होता काय, हा प्रश्न समीक्षेच्या कक्षेबाहेरचा आहे असे आपण गृहीत धरले आणि तो पक्षिशास्त्रज्ञांकडे सोपवला. हे गृहीतकच तपासून पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी ललित निबंधाऐवजी त्याहून लहान, रूक्ष आणि समीक्षेने कधीच न वाचलेला एक लेखनप्रकार येथे घेतला आहे : शहराच्या आसपास, फाल्गुन-चैत्रात, सहसा न दिसणाऱ्या पक्ष्याची केलेली नोंद.

पक्षी आणि वसंत यांचा विचार आपल्या परंपरेत कविसमयापासून सुरू करावा लागतो. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त कविसमयांची जी व्यवस्था लावली तिचे तीन प्रकार अभ्यासकांना परिचित आहेत : जे नाही त्याचे निबंधन, जे आहे त्याचेही अनिबंधन, आणि जे अनेक स्थळी वा अनेक काळी आढळते त्याला एकाच स्थळाकाळाशी बांधून टाकणारा नियम. कोणत्याही जलाशयावर हंस दाखवावेत, हा पहिला प्रकार. मालती वसंतातही असते, पण वसंतवर्णनात ती येऊ द्यावयाची नाही, हा दुसरा. कोकिळेचा स्वर केवळ वसंतातच आणि मयूराची केका केवळ वर्षाकाळीच वर्णावी, हा तिसरा. यात ध्यानी घ्यावयाची गोष्ट अशी की, कोकिळा ग्रीष्मातही ओरडते हे राजशेखराला ठाऊक आहे. नियम हा अज्ञानातून जन्मलेला नाही. शिवाय तो कविसमयाचे जे समर्थन करतो ते फार सूचक आहे. पूर्वसूरींनी शास्त्रे अभ्यासून, देशांतरे हिंडून जे पाहिले, ते देशकालभेदामुळे आज निराळे भासत असले तरी कवीने तसेच योजावे, असा त्याचा आशय आहे. म्हणजे संकेत हे कोणे एके काळी, कोठे तरी केलेले निरीक्षणच असते. ते आपल्या भूमीपासून सुटले आणि ग्रंथात राहिले, इतकेच.

या दृष्टीने पाहिले तर मराठीतील आधुनिक निसर्गलेखनात एक नवाच कविसमय रूढ झालेला दिसतो. वसंत म्हणजे पाखरांचे आगमन, ही ती कल्पना. तिचे मूळ संस्कृत काव्यात नाही. ते इंग्रजी निसर्गलेखनात आहे. गिल्बर्ट व्हाइटचा सेलबर्नविषयीचा ग्रंथ १७८९ मध्ये प्रसिद्ध झाला. पेनन्ट आणि बॅरिंग्टन यांना लिहिलेल्या त्या पत्रांत दक्षिणेकडून परतणाऱ्या पाखरांची वाट पाहणे हीच वसंताची मुख्य क्रिया आहे. दिसायला जवळजवळ सारख्या अशा तीन वटवट्यांना व्हाइटने वेगळे काढले ते त्यांच्या गाण्यावरून, आणि ही गाणी तेथे वसंतात ऐकू येतात. दख्खनमध्ये क्रम उलटा आहे. याच गोत्रातले पर्णवटवटे पुण्याच्या वेताळ टेकडीवर किंवा सिंहगडाच्या दरीत हिवाळा काढतात, एखाददुसऱ्या स्वरापलीकडे फारसे काही बोलत नाहीत आणि उन्हे तापली की निघून जातात. पळस, पांगारा आणि सावर फुलतात तेव्हा त्यांच्यावर कलकलाट करणाऱ्या भोरड्या मध्य आशियाच्या वाटेवर असतात. एप्रिल सरता सरता थवे दिसेनासे होतात. धोब्यांना विणीच्या हंगामाचा पिसारा येतो आणि तो पुरता खुलतो न खुलतो तोच ते उत्तरेकडे वळतात. नवरंग आणि चातक यायचे ते वैशाख उलटल्यावर, पावसाच्या तोंडावर. थोडक्यात, पुण्याचा वसंत हा पक्षिनिरीक्षकाच्या लेखी निरोपाचा ऋतू आहे. ‘स्प्रिंग’चे भाषांतर ‘वसंत’ असे करताना शब्द बदलतो आणि पक्ष्यांच्या जाण्यायेण्याची दिशा इंग्लंडचीच राहते. एखाद्या मराठी पुस्तकात चैत्रात ‘परतून आलेली’ पाखरे भेटली, की लेखक टेकडीवर गेला होता की ग्रंथालयात, हे विचारण्याचा अधिकार समीक्षकाला आहे. (कोकिळेला हे लागू नाही. ती येथलीच आहे; फाल्गुनात ती केवळ बोलू लागते.)

आता नोंदीकडे वळू. पुढील मजकूर कोणा एकाच्या वहीतला नाही. अशा नोंदींची जी सर्वसाधारण घडण असते ती दाखवण्यासाठी तो येथे रचला आहे. ‘मार्चचा शेवटचा आठवडा. कवडीपाट, मुळा-मुठेचा काठ. सकाळी सात. ऊन पाठीशी, अंतर सुमारे वीस पावले. धोबी, एक, नर. संपूर्ण डोके व छाती पिवळी. पाठ करडी, हिरवट नव्हे. मानेमागे काळा पट्टा. पंखांवर ठळक पांढरे पट्टे. पाच मिनिटे पाहिला, दोघांनी. जवळ आणखी एक, बहुधा मादी, खात्री नाही.’

या संहितेत विशेषणे आहेत, पण सौंदर्यवाचक एकही नाही. निवेदक आहे, पण तो ऊन, अंतर आणि वेळ यांच्याआड उभा आहे. कथनमीमांसेच्या परिभाषेत, येथे केंद्रीकरण कमालीचे काटेकोर आहे. पाहणारा कोठे उभा होता आणि प्रकाश कोणत्या बाजूने येत होता हे कथात्म साहित्यातही इतक्या प्रामाणिकपणे क्वचितच सांगितले जाते. परंतु सर्वांत भारदस्त शब्द आहे तो ‘नव्हे’. पिवळ्या डोक्याचा धोबी ओळखावयाचा तर डोके पिवळे असून भागत नाही, कारण साध्या पिवळ्या धोब्याच्या एका उपजातीतील नराचेही डोके पिवळेच असते. त्याची पाठ हिरवट असते, मानेमागे काळा पट्टा नसतो. म्हणून ‘करडी’ या शब्दाला ‘हिरवट नव्हे’ याची जोड द्यावी लागते. दिङ्नागाचा अपोहसिद्धान्त आपण वर्गात शिकवतो : शब्दाचा अर्थ म्हणजे अन्याची व्यावृत्ती, ‘गाय’ म्हणजे ‘अ-गाय’ नसलेले. सोस्यूरच्या भेदतत्त्वाशी त्याची तुलनाही करतो. तो सिद्धान्त प्रत्यक्ष लेखनव्यवहारात इतक्या उघडपणे राबवणारा दुसरा गद्यप्रकार मला ठाऊक नाही. दुर्मिळ पक्ष्याच्या नोंदीत पक्षी असतो तो इतर कोणकोण नव्हता याच्या यादीतून शिल्लक राहिलेला.

जाता जाता एवढेही नमूद करावे की, हे सर्व घडते ते शहराच्या सांडपाण्याने फेसाळलेल्या नदीकाठी. पुण्याचा मैला वाहून नेणाऱ्या त्याच पाण्याच्या कडेला किडे माजतात आणि धोब्यांची चंगळ होते. हंसासाठी निर्मळ सरोवर कल्पिणाऱ्या संकेताला येथे जागा नाही.

मात्र एवढ्यावरून नोंद ही संकेतमुक्त आहे, ती केवळ वास्तवाचा आरसा आहे, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. राजशेखराचे तिन्ही प्रकार तिच्यातही वेषांतर करून वावरतात. नियम तर उघडच आहे. ई-बर्डसारख्या, २००२ मध्ये सुरू झालेल्या नोंदव्यवस्थेत प्रत्येक प्रदेशासाठी कोणता पक्षी कोणत्या काळात अपेक्षित आहे हे ठरलेले असते. त्या चौकटीबाहेरची नोंद केली की वर्णन मागितले जाते. जानेवारीतला धोबी मुकाट्याने स्वीकारला जातो, जूनमधल्याला साक्ष द्यावी लागते. दुर्मिळता ही जशी जातीची तशी तारखेचीही असते, आणि ती निसर्गात असते त्याहून अधिक अपेक्षेत असते. दुसरा प्रकार, असलेल्याचे अनिबंधन, हा दुर्मिळाच्या मागे लागलेल्या प्रत्येक वहीचा दोष आहे. कावळा, साळुंकी, चिमणी यांना ओळ मिळत नाही. परिणामी एखाद्या वस्तीतून चिमणी केव्हा कमी झाली हे सांगावयास कागदोपत्री पुरावा सापडत नाही. मालतीला वसंतातून वगळणाऱ्या कवीहून ही वृत्ती फारशी निराळी नाही.

तिसरा प्रकार, नसलेल्याचे निबंधन, अधिक गंभीर आहे आणि त्याचा एक धागा महाराष्ट्राशी थेट जोडलेला आहे. रानपिंगळा हे लहानसे घुबड ह्यूमने १८७३ मध्ये शास्त्राला परिचित करून दिले. जेम्स डेव्हिडसनने खानदेशात त्याचे नमुने मिळवले. १८८४ नंतर विश्वसनीय असा एकही नमुना नव्हता. अपवाद एकच, कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन याने १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ मिळवल्याचे सांगितलेला. माइनर्ट्‌झहागेन साधा माणूस नव्हता. अरबस्तानच्या पक्ष्यांवर त्याचा ग्रंथ आहे. १९३७ मध्ये सालिम अली त्याच्यासमवेत अफगाणिस्तानच्या मोहिमेवर होते. त्याचा शब्द हा आप्तवाक्य मानला गेला आणि पुढच्या शोधांची दिशा त्या शब्दाने ठरवली. पुढे त्याचे अनेक नमुने संशयास्पद ठरल्यावर पामेला रासमुसेन यांनी त्याची नोंद बाजूला ठेवून जुन्या, खऱ्या स्थळांकडे मोर्चा वळवला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना दिसला. ११३ वर्षांनी. १९९९ मध्ये रासमुसेन आणि कॉलर यांनी सिद्ध केले की, माइनर्ट्‌झहागेनचा नमुना हा डेव्हिडसनचाच, चोरलेला आणि पुन्हा भरलेला होता.

हे सिद्ध झाले कसे, यात समीक्षकाला रस वाटला पाहिजे. नव्याने भरलेल्या कातड्याखाली डेव्हिडसनची मूळ हातोटी शिल्लक होती. क्ष-किरणांत ती उमटली. हे शैलीविज्ञान आहे, पाठचिकित्सा आहे. प्रक्षिप्त ओवी ओळखताना आपण याहून वेगळे काय करतो? इंग्लंडातील हेस्टिंग्ज परिसराची कथा याला पूरक आहे. १८९२ ते १९३० या काळात तेथून आलेल्या दुर्मिळ पक्ष्यांच्या शेकडो नोंदी १९६२ मध्ये रद्द करण्यात आल्या. त्यातली कोणतीही एक नोंद अशक्य नव्हती. यांतील बऱ्याच जाती पुढे ब्रिटनमध्ये खरोखर आढळल्या. संशय आला तो समूहावरून : एका लहान भूभागात, त्या थोड्या वर्षांत इतकी नवलाई एकवटली होती की संख्याशास्त्राला ती पचेना. ॲरिस्टॉटलने कवीसाठी संभवनीय ते पुरेसे मानले. हेस्टिंग्जच्या नोंदी संभवनीय होत्या आणि तरीही खोट्या होत्या. एकेक संहिता सुटी वाचणाऱ्या आस्वादक समीक्षेला असे खोटे पकडता येणार नाही. त्यासाठी लेखकाचे समग्र लेखन, त्यातील योगायोगांची दाटी, मोजावी लागेल. आपल्याकडील एखाद्या निसर्गलेखकाला प्रत्येक भटकंतीत अपूर्व काहीतरी भेटत असेल, तर ती दाटी हाही शैलीचाच घटक समजून तपासावयास हवी. हे म्हणणे कोणावर आरोप करण्यासाठी नाही. परंतु ललित गद्य म्हटले की सत्याचा करार आपोआप सैल होतो, ही सबब स्वीकारण्याचे कारण मला दिसत नाही. वाचकाने तो पक्षी होता असे समजूनच ते पान वाचलेले असते.

छायाचित्राने हा प्रश्न सोडवला असे अनेकांना वाटते. २०१४ मध्ये मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा तलावाच्या अरण्यात रानपिंगळा आढळला. महानगराच्या इतक्या जवळ तो असेल अशी अपेक्षा कोणी केली नव्हती, आणि अशा वेळी छायाचित्राचे महत्त्व निर्विवाद आहे. पण अंकीय कॅमेरा सर्वांच्या गळ्यात आल्यापासून नोंदीचे गद्य आटले. अंतर, ऊन, ‘हिरवट नव्हे’, ‘खात्री नाही’ हे सारे चित्राने अनावश्यक ठरवले. पाहणाऱ्याने कोणते पर्याय मनात आणले आणि कोणत्या कारणाने टाकून दिले हे चित्रात दिसत नाही. पुराव्याची बाजू बळकट झाली आणि साक्षीची दुबळी. भाषेच्या अभ्यासकाला या बदलाची चुटपुट वाटावी, कारण मराठीत नेमके वर्णन करण्याची जी थोडी सवय या वह्यांतून लागत होती, ती मोडू पाहत आहे.

एक ठिकाण मात्र असे आहे की जेथे छायाचित्रही पुरे पडत नाही. मार्चमध्ये पुण्याच्या पूर्वेकडील शेतांत भारिटांचे थवे परतीच्या तयारीने एकवटतात. नर ओळखू येतात. एकाचे डोके काळे, दुसऱ्याचे तांबूस. माद्यांमधला भेद, उत्तम चित्र हाती असूनही, बहुधा ठरवता येत नाही. त्यांच्यासाठी याद्यांत दोन्ही नावे तिरक्या रेघेने जोडून लिहिण्याची सोय केलेली असते : काळ्या डोक्याचा/तांबड्या डोक्याचा भारीट. दुर्मिळाचा हव्यास असलेला निरीक्षक यापैकी आपल्या यादीत नसलेले नाव निवडतो. दुसरा रेघ तशीच ठेवतो आणि पुढच्या थव्याकडे वळतो.