कुल आणि कूळ : शेतकरी घराण्याच्या वंशकथेचा शोध

मराठीत 'कूळ' हा शब्द दोन अर्थांनी नांदतो. पहिला अर्थ वंशाचा, घराण्याचा. कुलदैवत, कुळाचार, कुळी हे शब्द त्या परिवारातले. दुसरा अर्थ जमीन कसणाऱ्याचा, सारा भरणाऱ्याचा, सावकाराच्या वहीत ज्याच्या नावे खाते आहे अशा माणसाचा. १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याला लोक 'कूळ कायदा' म्हणतात तो या दुसऱ्या अर्थाने. मोल्सवर्थच्या कोशातही हे दोन्ही अर्थ एकाच शब्दाखाली आलेले आहेत. ज्याला वंश आहे तो आणि ज्याच्याकडून येणे आहे तो, हे दोघे भाषेने एका शब्दात बसवले आहेत. शेतकरी घराण्याची अनेक पिढ्यांची कथा लिहू पाहणाऱ्या मराठी लेखकाला या दोन्ही अर्थांशी झुंजावे लागते. पहिल्याच अर्थाचा पाठपुरावा केला तर हाती वंशाभिमान लागतो. दुसरा अर्थ सोबत ठेवला तरच त्या कथेला इतिहासाचे मोल येते. प्रस्तुत लेखात हे प्रतिपादन काही कादंबऱ्यांच्या आधारे तपासून पाहावयाचे आहे.

'कुलवृत्तांत' हा आपल्याकडचा एक रुळलेला ग्रंथप्रकार आहे. विसाव्या शतकात, विशेषतः कोकणस्थ ब्राह्मण घराण्यांनी, आपापले कुलवृत्तांत छापून प्रसिद्ध केले. गोत्र, मूळ गाव, मूळ पुरुष, शाखा-उपशाखा, वंशवृक्षांचे तक्ते आणि कर्तबगार व्यक्तींचे त्रोटक परिचय असा त्यांचा आराखडा ठरलेला असे. अक्षरओळख नसलेल्या कुणब्याच्या घरात अशी पोथी होण्याचा संभव नव्हता. तेथे स्मृती होती, परंतु ती सांभाळण्याचे काम घराबाहेरच्या माणसांकडे होते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्यांची नावे पिढ्यान्‌पिढ्या उतरत गेली. दक्षिण महाराष्ट्रात आणि कर्नाटकात बैलावर बसून येणारा हेळवी दारात उभा राहून घराण्याची नावे म्हणून दाखवी आणि धान्य घेऊन पुढे जाई. शेतकऱ्याचा वंश असा दुसऱ्याच्या वहीत आणि दुसऱ्याच्या मुखात राहिला.

याहून महत्त्वाचे साधन वतनाच्या तंट्यांतले. राजवाड्यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेल्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या खंडांतून, आणि पुढे इतर संशोधकांच्या संग्रहांतून, असे महजर, करीने व निवाडपत्रे उजेडात आली. पाटीलकी कोणाची, वडील घर कोणते, धाकटे कोणते, हे ठरवण्यासाठी गोतापुढे वंशावळ सांगावी लागे. दुष्काळात गाव सोडून गेलेला भाऊ परत केव्हा आला, मधल्या काळात पाटीलकी कोणी चालवली, मानपान कोणी घेतला, हे सारे त्या कागदांत ओघाने येते. मराठी शेतकरी घराण्यांच्या वंशकथांचे आरंभीचे गद्य रूप ते हेच असे म्हणता येईल. तिचा उगम गौरवात नाही, तंट्यात आहे. हक्क सिद्ध करण्यासाठी पूर्वज आठवावे लागले. तंटा ज्यांना करताच आला नाही, त्या उपरी कुळांचे, बलुतेदारांचे, मजुरांचे पूर्वज कागदावर फारसे आलेच नाहीत.

ज्या जमिनीचे मिरासदार घराणे नामशेष झाले किंवा परागंदा झाले तिला जुन्या दफ्तरात 'गतकूळ' म्हणत. घराणे गेले तरी जमिनीच्या नोंदीत त्याचे रिकामे स्थान शिल्लक राही. इंग्रजी अमदानीत, १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांची मोजणीपद्धत सुरू झाली, आणि शेताला नावाच्या जोडीने क्रमांक मिळाला. आज एखाद्या गटाचे किंवा सर्व्हे नंबराचे पोटहिस्से वाचले तर वंशवृक्ष वाचल्यासारखेच होते. मूळ क्रमांकाला तिरपी रेघ देऊन आजोबांच्या वाटणीचा आकडा, त्यापुढे चुलत्यांच्या वाटणीचे अक्षर, त्यापुढे भावाभावांतला आकडा. कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी शेतखाते १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरवर आले. वंश वाढतो तशी जमीन तुटते, हा शेतकरी घराण्याच्या कथेचा मूलभूत ताण आहे. व्यापारी किंवा नोकरदार घराण्याच्या कथेत तो अशा रीतीने असू शकत नाही.

या कागदांची एक मोठी उणीव भाषेतच नोंदली गेली आहे. पिढी मोजण्यासाठी मराठीने 'पुरुष' हा शब्द वापरला : मूळ पुरुष, तिसरा पुरुष, सात पुरुष. वंशावळीत स्त्री आलीच तर कोणाची तरी पत्नी म्हणून येते, आणि लेक बहुधा येतच नाही. गणित मांडून पाहावे. दहा पिढ्या मागे गेल्यास प्रत्येक माणसाला त्या पिढीत एक हजार चोवीस पूर्वजांची स्थाने असतात. आप्तसंबंधांतल्या विवाहांमुळे प्रत्यक्ष माणसे कमी भरतील, तरी ती शेकड्यांनी असतील. वंशावळ त्यांतला एक निवडते. बाकीच्यांची गावे, बोली, दैवते आणि दुःखे ती गाळून टाकते. शुद्ध कुळाची कल्पना या गाळण्यावर उभी आहे.

कायद्यानेही बराच काळ हाच न्याय चालवला. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा दिला, पण एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत तिला जन्मसिद्ध सहदायाद मानले नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये ते मान्य केले. तरीही सातबाऱ्यावर बहिणीचे नाव अनेकदा 'इतर हक्क' या रकान्यात जाऊन बसते, आणि पुढे हक्कसोडपत्रावर अंगठा किंवा सही घेऊन तेथूनही निघते. कादंबरीने वंशकथा सांगताना या गाळलेल्या माणसांचे काय केले, ही समीक्षेची पहिली कसोटी असली पाहिजे.

इतर भारतीय भाषांतील दोन मोठ्या कृतींकडे येथे पाहणे उपयुक्त ठरेल. शिवराम कारंत यांची 'मरळि मण्णिगे' ही १९४० च्या दशकाच्या आरंभीची कन्नड कादंबरी. किनारपट्टीवरच्या एका शेती-भिक्षुकी करणाऱ्या ब्राह्मण घराच्या तीन पिढ्या तिच्यात येतात. आजोबा कष्टाळू आणि हेकट, मुलगा इंग्रजी शिक्षणाने मातीपासून तुटलेला, नातू पुन्हा मातीकडे वळणारा. वंशवृक्ष काढला तर तीन पुरुषांची सरळ रेघ दिसेल. कादंबरी वाचताना मात्र घर टिकवून धरणाऱ्या बायकाच डोळ्यांपुढे राहतात. तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या 'कयर' (१९७८) या मलयाळम महाकादंबरीचा आरंभ जमिनीची प्रतवारी करणारा सरकारी अधिकारी कुट्टनाडच्या गावात येतो तेथून होतो. घराण्यांच्या कित्येक पिढ्यांचा विस्तार एका महसुली नोंदीपासून सुरू करावा, ही सूझ अचूक आहे. केरळातील नायर तरवाडांत वंश आईकडून मोजला जाई, म्हणजे तेथे आपल्या 'पुरुष' या मापाचा उपयोग नाही. तरीही वाटणीचा प्रश्न तेथेही घर फोडतो. मातृवंश असो की पितृवंश, शेतकरी कुळाच्या कथेला अखेर जमिनीचाच हिशेब द्यावा लागतो, हे या तुलनेतून दिसते.

मराठीत या विषयाला सर्वांत थेट भिडलेली कादंबरी म्हणजे रंगनाथ पठारे यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' (२०१९). शीर्षकापासूनच तिची भूमिका स्पष्ट होते. ज्या ग्रंथप्रकारात शेतकऱ्याला जागा नव्हती, त्याचेच नाव लेखकाने कादंबरीला दिले आहे. यादवकाळाच्या अखेरीपासून आपल्या काळापर्यंतची सुमारे सातशे वर्षे आणि त्यांतून निवडलेले सात पुरुष अशी तिची रचना आहे. पंचवीस वर्षांची एक पिढी धरली तर सातशे वर्षांत अठ्ठावीस पिढ्या होतात. सात पुरुष घेणे म्हणजे चारांतल्या तिघांना गाळणे. छापील कुलवृत्तांत असे खंड लपवतो, किंवा दंतकथेने बुजवतो. पठाऱ्यांची कादंबरी खंड उघडे ठेवते आणि मधले पूल कल्पनेने बांधते. ते कल्पनेचे आहेत हे कादंबरी या प्रकारामुळेच वाचकाला ठाऊक असते. सत्तेची उलथापालथ, लढाया, स्थलांतरे आणि जातिधर्माच्या सीमा ओलांडणारे संबंध यांतून हे कुळ घडत जाते. परिणामी, ज्या समाजाला स्वतःच्या शुद्ध आणि पराक्रमी उगमाच्या कथा ऐकण्याची सवय आहे त्याच्यापुढे एक मिश्र, अपघातांनी भरलेला उगम उभा राहतो. कुलवृत्तांताच्या साच्यातच कुलशुद्धीचा निरास करणे हे या कादंबरीचे मोठे यश होय.

मर्यादाही नमूद करावयास हवी. 'पाटील' हे उपपद आणि 'सात' हा आकडा अखेर पुरुषांच्या रांगेचेच माप स्वीकारतात. स्त्रिया कथेत कितीही बलवान असल्या तरी प्रकरणांची गणना त्यांच्यावरून होत नाही. शिवाय पाटील हा गावचा वतनदार. त्याच्या घराण्याजवळ सांगण्यासारखा भूतकाळ असणे हेही वतनाचेच देणे आहे.

भालचंद्र नेमाडे यांच्या 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' (२०१०) या कादंबरीने वेगळी वाट धरली. खंडेराव हा मोरगावच्या कुणबी घरातला मुलगा पुरातत्त्वाचा अभ्यासक आहे, आणि कादंबरीचा आरंभ मोहेंजोदडोच्या उत्खननाच्या परिसरात होतो. पुरातत्त्वज्ञ रेघ पाहत नाही, थर पाहतो. त्यामुळे येथे वंशावळ पुढेमागे सरकत नाही. एकाच घराखाली अनेक काळ साचलेले दिसतात. वडिलांच्या मृत्यूच्या निमित्ताने खंडेरावाला गावाकडे यावे लागते, आणि वारस होणे म्हणजे काय हा प्रश्न त्याच्यापुढे उभा ठाकतो. त्याला वंशाचे ज्ञान हवे आहे, वंशाची जमीन नको आहे. शिकलेल्या शेतकरीपुत्राची ही दुविधा नेमाड्यांनी ज्या निर्ममतेने मांडली तिला तोड नाही. महानुभाव पंथात गेलेल्या तिरोनी आत्याचा शोध हेही या कादंबरीचे एक सूत्र आहे, याकडे लक्ष वेधले पाहिजे. वंशावळीत जिला ओळ मिळणार नाही, जिचा वारसा सातबाऱ्यावर चढणार नाही, अशा आत्याकडे कथेचा ओढा जातो. 'पुरुष' या मापाला कादंबरीने दिलेले हे उत्तर आहे.

आता 'कूळ' या शब्दाच्या दुसऱ्या अर्थाकडे वळू. आनंद यादव यांच्या 'झोंबी'त (१९८७) कागल परिसरातले, दुसऱ्याची जमीन कसणारे कुटुंब आहे. या आत्मचरित्रात्मक कादंबरीला १९९० मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि तिची चर्चा मुख्यतः शिक्षणासाठी झगडणाऱ्या मुलाची कथा म्हणून झाली. प्रस्तुत दृष्टीने पाहिल्यास तिच्यातली दुसरी एक गोष्ट ठळक होते. या घराला सांगण्यासारखी वंशावळ नाही. 'सातपाटील'मध्ये काळ सातशे वर्षे मागे जाऊ शकतो. 'झोंबी'त भूतकाळाला पाय रोवायला जागाच नाही. जमीन आपली नसली की पूर्वज टेकवायचे कोठे? ज्याला हक्क सांगता येत नाही त्याच्या पूर्वजांना गोतापुढे उभे राहण्याचे कारण पडत नाही. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनाने अनेक कुळांना कायद्याने मालक केले; ज्यांची वहिवाट आधीच मोडली गेली होती, किंवा नोंदलीच गेली नव्हती, ती त्यातून निसटली. म्हणून 'झोंबी'तला मुलगा मागे पाहत नाही. त्याचा वंश त्याच्यापासून सुरू होतो, आणि त्याचे साधन जमीन नसून अक्षर आहे.

'सातपाटील कुलवृत्तांत' आणि 'झोंबी' या दोन कृती शेजारी ठेवून वाचल्या तर 'कूळ' शब्दाचे दोन्ही अर्थ एकमेकांचा खुलासा करतात. एकीत वंश आहे कारण वतन आहे. दुसरीत वतन नाही म्हणून वंश कागदावर उतरलेला नाही. अभ्यासक्रमांतून मात्र एक ऐतिहासिक कादंबरी म्हणून आणि दुसरी ग्रामीण साहित्य म्हणून वेगवेगळ्या खणांत ठेवली जाण्याचा संभव अधिक. ही विभागणी आता तपासली पाहिजे. घराण्यांच्या आणि जातींच्या उगमाचे दावे सार्वजनिक जीवनात जोराने मांडले जात असताना, जुन्या नोंदींतला एखादा शब्द आरक्षणाचा आधार ठरत असताना, वंशकथा हा विषय निरुपद्रवी राहिलेला नाही. पूर्वी पाटीलकीसाठी वंशावळ सांगावी लागे, आज दाखल्यासाठी शोधावी लागते. कागदाला एक नाव आणि एक रेघ पुरते. ती रेघ ओढताना कोणाकोणाला वगळले, जमिनीची किती शकले झाली, कोणी सही करून हक्क सोडला आणि कोणाला सोडायला हक्कच नव्हता, हे सांगण्याचे काम कादंबरीकडे येते. शेतकरी घराण्याची पुढली कथा लिहिणाऱ्याने मूळ पुरुषाऐवजी गाव सोडून गेलेल्या एखाद्या लेकीपासून, किंवा एखाद्या गतकूळ शेतापासून आरंभ करून पाहावा. तेथूनही सारे गाव दिसते.