एका सालाचा हट्ट

कीळडीच्या उत्खननातला कोळसा इ.स.पू. 580चा आहे, असं 2019 साली तमिळनाडूतून जाहीर झालं आणि तो आकडा सर्वतोमुखी झाला. प्रयोगशाळा मात्र असं एकच साल कधीच सांगत नाही. ती नमुन्यात उरलेला कार्बन-14 मोजून वय काढते आणि त्यापुढे अधिक-उणे काही वर्षं लिहिते. या वयावरून साल काढायचं तर त्या त्या काळी हवेत कार्बन-14 किती होता, ते ठाऊक हवं. 1949च्या सुमारास विलर्ड लिबींनी ही पद्धत उभी केली तेव्हा ते प्रमाण कायमचं स्थिर मानलं होतं. झाडांच्या वलयांनी ते खोटं पाडलं.

आपल्याकडे याचा धक्का बसला हडप्पा संस्कृतीला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डी. पी. अग्रवाल यांनी 1964मध्ये तिचा काळ इ.स.पू. 2300 ते 1750 असा आखडता घेतला. मोजणीत खोट नव्हती. पण वलयांच्या आधारे कार्बन-वय दुरुस्त करण्याची रीत, म्हणजे कॅलिब्रेशन, आल्यावर तीच नागर अवस्था इ.स.पू. 2600 ते 1900 अशी मागे सरकली. तरी कच्ची आणि दुरुस्त सालं एकाच तक्त्यात शेजारी बसलेली अजून दिसतात, आणि कुणाला खटकतही नाहीत.

पन्नास हजार वर्षांपलीकडे ही पद्धत थकते, हे सगळ्यांना माहीत असतं. खरी अडचण बरीच अलीकडची आहे. इ.स.पू. 800 ते 400च्या दरम्यान कॅलिब्रेशनची रेषा जवळपास आडवी पडते. 700 सालचं लाकूड आणि 450 सालचं लाकूड, दोघांचं कार्बन-वय जवळजवळ सारखंच येतं. कीळडीचं 580 याच सपाटीच्या मधोमध आहे. विदर्भातली माहुरझरी, नायकुंडची दफनांची शिळावर्तुळंही साधारण याच शतकांतली. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. पण अशी भट्टी आधीची की शेजारचं दफन आधीचं, हे कोळशाच्या एकेका तुकड्यावरून ठरणार नाही. त्यातून कोळसा जुन्या खोडाच्या गाभ्यातला असेल तर वय आणखी फुगतं. एका हंगामाचं जळकं धान्य कधीही बरं.

थरांचा क्रम आणि अनेक नमुन्यांची वयं एकत्र गुंफणाऱ्या बेझियन गणितानं हा अनिश्चिततेचा पट्टा अरुंद करता येतो. मात्र थरच चुकीचे नोंदले असतील तर गणित ती चूक अधिक सुबक करून परत देतं.

एक वाट आशादायक आहे. इ.स. 774-75मध्ये हवेतला कार्बन-14 एकाएकी उसळला. अशी उसळी लाकडाच्या ज्या वलयात दिसते त्याचं साल पक्कं होतं, आणि तिथून सालीपर्यंतची वलयं मोजली की झाड तोडल्याचं वर्ष कळतं. 993मधल्या अशाच दुसऱ्या उसळीवरून कॅनडातल्या नॉर्स वस्तीतली झाडं 1021 साली तोडल्याचं सिद्ध झालं. आणखी एक उसळी इ.स.पू. 660च्या सुमाराची, म्हणजे नेमकी या सपाटीतली. सागाची वलयं मोजता येतात. त्या काळातला, पुरेशी वलयं शाबूत असलेला जळका वासा दख्खनेत कुठे निघाला, तर त्याचा चुरा करून पिशवीत भरण्याआधी वलयं मोजणाऱ्याला बोलवायला हवं.