‘औषधपालन’ या संकल्पनेची चिकित्सा : एचआयव्हीसह वाढलेल्या तरुणांच्या संदर्भात

भारतात शासकीय रुग्णालयांतून मोफत एआरटी उपचार १ एप्रिल २००४ पासून सुरू झाले, मुंबईचे जे. जे. रुग्णालय हे आरंभीच्या केंद्रांपैकी एक. बालकांसाठीचा उपक्रम २००६ मध्ये आला. जन्मतःच संसर्ग झालेली तेव्हाची पाच-सहा वर्षांची मुले आज विशी ओलांडून गेली आहेत. या पिढीविषयी एक तक्रार सातत्याने केली जाते, ती म्हणजे हे तरुण गोळ्या चुकवतात. प्रस्तुत लेखात या तक्रारीमागील ‘औषधपालन’ ही संकल्पनाच तपासली आहे.

मराठीत पालन होते ते आज्ञेचे, नियमाचे किंवा व्रताचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालातील व्याख्या मात्र निराळी आहे. वैद्यकीय सल्ला रुग्णाला मान्य असावा आणि त्याचे वर्तन त्या मान्य सल्ल्याशी जुळावे, असा तिचा आशय आहे. म्हणजे आधी संमती, मग पालन. एआरटी केंद्रात उरलेल्या गोळ्या मोजून टक्केवारी काढतात. दिवसातून दोनदा औषध घेणाऱ्याच्या महिन्यातील ६० मात्रांपैकी तीनहून अधिक चुकल्या, की तो ९५ टक्क्यांच्या खाली जातो. ही मोजणी निरर्थक नव्हे. मात्रा वारंवार चुकल्यास विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. परंतु तिच्यात व्याख्येचा उत्तरार्धच मोजला जातो.

पूर्वार्धाची स्थिती काय आहे? अनेक मुलांना ‘रक्त कमी आहे’, ‘ताकदीची गोळी आहे’ असे सांगून औषध दिले जाते. शाळकरी वयातच मुलाला आजाराची माहिती द्यावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये केली. तिचे पालन (येथे हा शब्द चपखल बसतो) सोपे नाही. मुलाच्या आजाराचे नाव घेणे म्हणजे आईने स्वतःच्या आणि पुष्कळदा दिवंगत पतीच्या आजाराचे नाव घेणे. तिच्या मौनाला हलगर्जीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. तथापि ज्याला आजारच ठाऊक नाही, त्याने उपचाराला संमती दिली असे मानता येत नाही. मग पंधराव्या वर्षी त्याने गोळ्या नाकारल्या, तर मोडले नेमके काय?

कायद्यातील विसंगती याहून बोलकी आहे. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. आई-वडील किंवा पालक आजारपणामुळे असमर्थ झाले असल्यास, पुरेशी समज असलेले आणि घर सांभाळणारे १२ ते १८ वर्षांचे भावंड धाकट्याचे पालक होऊ शकते. त्याच्या उपचाराचा निर्णयही घेऊ शकते. स्वतःच्या बाबतीत मात्र १८ वर्षांखालील मुलासाठी पालकाची संमती घेण्याचीच रीत आहे. बाराव्या वर्षी येणारी समज भावाच्या गोळीपुरती ग्राह्य आणि स्वतःच्या गोळीपुरती अग्राह्य, याचे समर्थन कोणत्या तत्त्वावर करावयाचे?

टेनोफोविर, लॅमिवुडीन व डोल्युटेग्राविर यांची दिवसाला एकच गोळी आल्यापासून मात्रांचा भार घटला, हे खरे. वसतिगृहातील सामायिक कपाटात डबी ठेवायची कोठे, हा प्रश्न तसाच राहिला. रुग्णाला आजाराचे नाव केव्हा आणि कोणी सांगितले, याची नोंद टक्केवारीशेजारी असावयास हवी. त्या नोंदीवाचून पंधरा वर्षांच्या मुलाचे ९० टक्के आणि चाळिशीतील गृहस्थाचे ९० टक्के एकाच अर्थाने वाचले जातात.