पाठटाचणातील क्रियापद

अध्यापक महाविद्यालयांत पाठटाचणाइतके विपुल लेखन दुसरे कोणतेही होत नसेल, आणि इतके थोडे वाचलेही जात नसेल. छात्राध्यापक ते लिहितो, मार्गदर्शक त्यावर स्वाक्षरी करतो, सराव पाठ उरकतो आणि वही मिटते. प्रस्तुत टिपणात सामाजिक शास्त्रांच्या, त्यातही नागरिकशास्त्राच्या टाचणाकडे एक भाषिक संहिता म्हणून पाहावयाचे आहे. कारण नियोजनातील पुष्कळसा दोष विचाराच्या आधी वाक्यरचनेत रुजतो, असे मला वाटते.

उद्दिष्टांखालील स्पष्टीकरणे पाहावीत. 'विद्यार्थी ग्रामपंचायतीची रचना सांगतो', 'विद्यार्थी ग्रामसभा व ग्रामपंचायत यांतील फरक स्पष्ट करतो' अशी ही वाक्ये असतात. मराठीत साधा वर्तमानकाळ रीतिवाचक असतो किंवा त्रिकालाबाधित सत्य सांगतो. येथे मात्र तो जे अद्याप घडलेलेच नाही त्यासाठी योजलेला आहे. अपेक्षा विधानाच्या रूपाने अवतरते, आणि विधान झालेली अपेक्षा कोणी तपासून पाहत नाही. शिवाय संपूर्ण वर्ग, त्यातील मुलींसह, 'सांगतो' या पुल्लिंगी एकवचनात कोंबलेला असतो. उजवीकडच्या रकान्यात प्रत्येक प्रश्नासमोर 'अपेक्षित उत्तर' लिहिलेले असते, तेही एकच.

या रूपाचा उगम ध्यानी घेतला पाहिजे. बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांचे उद्दिष्टांचे वर्गीकरण 1956 साली प्रसिद्ध झाले, ते महाविद्यालयीन परीक्षकांच्या विचारविनिमयातून. उत्तरपत्रिकेत काय दिसावे, हे ठरविण्यासाठी निरीक्षणीय क्रियापदे हवीतच. मूल्यमापनाचे हे हत्यार नियोजनाच्या कामी आले, तेव्हा पाठ शेवटाकडून आरंभाकडे लिहिला जाऊ लागला. त्याच्या जोडीला हर्बार्टची म्हणून सांगितली जाणारी पंचपदी होतीच. (वस्तुतः हर्बार्टने चारच पायऱ्या मानल्या होत्या, पहिलीची फोड करून पाचवी निर्माण केली ती त्सिलर या त्याच्या अनुयायाने. गुरूच्या नावावर शिष्यांची भर खपते, हे शिक्षणशास्त्रातही खरे.) या दोन्ही चौकटी त्याज्य आहेत असे माझे म्हणणे नाही. नवख्या शिक्षकास वर्गात उभे राहण्यापुरता आधार त्यांतून मिळतो, आणि तो आधार क्षुल्लक नव्हे. परंतु सामाजिक शास्त्रांत त्यांची मर्यादा फार लवकर येते.

'सरपंचाची निवड कोण करते?' हा अगदी सामान्य प्रश्न घ्या. महाराष्ट्रात 2017 पर्यंत त्याचे उत्तर 'निवडून आलेले सदस्य' असे होते. त्या वर्षी थेट मतदारांकडून निवड सुरू झाली. 2020 साली ती रद्द होऊन अधिकार पुन्हा सदस्यांकडे गेला. 2022 साली थेट निवड परत आली. म्हणजे 2021 साली कोणी 2018 चे टाचण उतरवून काढले असते तर तो चुकला असता, आणि 2016 चे उतरवले असते तर योगायोगाने बरोबर ठरला असता. उत्तराच्या रकान्याला या दोघांतील फरक कळत नाही. नियम दोनदा का फिरला, थेट निवडून आलेला सरपंच एका गटाचा आणि बहुसंख्य सदस्य दुसऱ्या गटाचे असले तर कारभार कसा चालेल, हे खरे नागरिकशास्त्र. आणि त्याला एकच अपेक्षित उत्तर असू शकत नाही.

याहून अवघड प्रसंग पुढे आहे. एखादे मूल म्हणते, 'आमच्या गावच्या सरपंच बाई आहेत, पण सगळं त्यांचे यजमानच बघतात.' हे उत्तर कोणत्याही टाचणात नसते. 73 वी घटनादुरुस्ती 1993 साली अमलात येऊन स्त्रियांना किमान एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या गेल्या, महाराष्ट्राने 2011 साली हे प्रमाण निम्म्यावर नेले, ही माहिती छात्राध्यापकास पाठ असते. पण मुलाचे वाक्य नेमके त्या तरतुदीच्या आणि गावातील वास्तवाच्या मधल्या जागेवर बोट ठेवते. टाचणाशी बांधलेला छात्राध्यापक 'बरं, खाली बस' म्हणतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. त्या वर्गापुरते नागरिकशास्त्र तिथेच संपलेले असते. तास तेवढा उरतो.

दोष त्या छात्राध्यापकाच्या बुद्धीचा नाही. ज्या व्याकरणात त्याला विचार करावयास शिकविले, त्यात 'जर–तर' नाही. संकेतार्थ हा आपल्या भाषेतला समर्थ अर्थ. नियोजनास तोच सर्वांत जवळचा. 'विद्यार्थी सांगतो' ऐवजी 'कोणी असे म्हणाले तर' असे लिहिण्याची सक्ती केली, तर छात्राध्यापकास मुलांच्या बोलण्याची आगाऊ कल्पना करावी लागेल, आणि तशी कल्पना करण्यासाठी गावही थोडेफार पाहावे लागेल. सराव पाठांची संख्या भरून काढण्याच्या घाईत हे घडणे कठीण, हे मान्य. स्वाक्षरी करणाऱ्यासही टाचण वाचावे लागेल, ही अडचण त्याहून मोठी.

तरीही नमुना देतो. 'कोणी सरपंचांच्या यजमानांचा उल्लेख केला, तर ठरावावर सही कोणाची लागते, हे वर्गास विचारावयाचे. सही व निर्णय या दोहोंत अंतर का पडते, यावर दोन-तीन मुलामुलींना बोलू द्यावयाचे. आरक्षणाची तरतूद त्यानंतर सांगावयाची.' यात दहा मिनिटे सहज जातील. तेव्हा ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या 7 ते 17 असते, हा मुद्दा वर्गात घेऊ नये. मुलांनी तो घरी पुस्तकात वाचावा.