नाममुद्रा नसलेला शब्द



अभंग ऐकताना कान शेवटच्या चरणाकडे लागलेले असतात, कारण तिथे संतांचे नाव येते. तुकोबाराय आपले नाव घालतात, नाथमहाराज ‘एका जनार्दनी’ म्हणून गुरूंच्या नावाला धरूनच आपले नाव घेतात, जनाबाई नामदेवरायांशी आपले नाते सांगून मग बोलतात. याला आपण नाममुद्रा म्हणतो. पुष्कळांना ती कवीची खूण वाटते. मला ती जबाबदारी वाटते. हा शब्द माझा आहे, याचा जाब कोणाला विचारायचा असेल तर मला विचारा, असे तिच्यातून संत सांगतात.

आणि जाब विचारलाही गेला. रामेश्वरभटांनी तुकोबारायांच्या कवित्वाला हरकत घेतली, अभंगांच्या वह्या इंद्रायणीच्या डोहात गेल्या. ही कथा आपण कीर्तनात रंगवून सांगतो. पण पुढचा भाग घाईने सांगतो. तेच रामेश्वरभट पुढे तुकोबारायांना शरण आले आणि त्यांची आरती त्यांनी रचली. हरकत घेणाऱ्याला समोर नाव असलेला माणूस सापडला, म्हणून वादाचा शेवट भेटीत झाला. नाव नसते तर वाद तसाच राहिला असता.

हे सांगण्याचे कारण, आज आपल्या हातातल्या मोबाईलवर दिवसभर जो शब्द फिरतो त्याला नाममुद्रा नाही. तो कोणी रचला हे माहीत नसते. ज्याने पाठवला त्याला विचारावे तर तो म्हणतो, ‘मला आला, मी पुढे ढकलला.’ त्याच्या आधीच्याला विचारावे तर तोही तेच म्हणतो. शब्द हजारो घरांत पोचतो आणि बोललेले कोणीच नसते. माझ्या मते समाजमाध्यमाचा खरा दोष हा आहे. वेळ जातो, डोळे बिघडतात, पोरे अभ्यास करत नाहीत, हे सगळे खरे. पण ते वरवरचे. मुळातले दुखणे हे की आपण धन्याविना शब्द उच्चारायला शिकलो.

असा शब्द काय करू शकतो ते सांगली जिल्ह्याने पाहिले आहे. 13 सप्टेंबर 2022 ची गोष्ट. उत्तर प्रदेशातले चार साधू कर्नाटकातले देवदर्शन आटोपून पंढरपूरच्या वाटेला लागले होते. जत तालुक्यातल्या लवंगा गावी त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला. त्या दिवसांत मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवांना ऊत आला होता. कोणाला संशय आला, माणसे जमली, आणि साधूंना गाडीतून ओढून काठ्यांनी, पट्ट्यांनी मारले. पोलिसांनी चौकशी केली तेव्हा ते खरोखरच साधू निघाले. मारहाणीचे चित्रण झाले आणि तेही मोबाईलवरून गावोगाव फिरले.

माऊली, यातला एकेक शब्द सावकाश वाचा. पंढरीची वाट विचारली, म्हणून मार पडला. आणि तोही कुठे? ज्या मुलुखातून कर्नाटकाचे वारकरी पिढ्यान्‌पिढ्या पायी पंढरीला जातात, तिथे. अनोळखी माणसाने वाट विचारली तर आपल्याकडे चार पावले सोबत जाऊन वाट दाखवायची रीत. लवंग्याचे लोकही त्याच रीतीत वाढलेले. मग एका दिवसात ती रीत कुठे गेली? माझे उत्तर असे की साधू दिसण्याआधी अफवा पोचली होती. डोळ्यांनी पाहण्याआधी कानांनी निकाल दिला होता. माणूस पुढे उभा असताना त्याला ‘बाबा, तू कोण, कुठला?’ हे विचारून त्याचे उत्तर ऐकून घ्यायला कोणी थांबले नाही.

याआधी 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात याच अफवेने पाच जणांचा जीव घेतला. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागून पोट भरणारे, बहुतेक आपल्या मंगळवेढ्याकडचे. ज्ञानोबारायांची गुरुपरंपरा नाथांची. त्याच नाथांचे नाव घेऊन दारोदार फिरणारी ही माणसे. त्या वर्षी व्हॉट्सॲपच्या कंपनीने एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असे बंधन आपल्या देशात घातले, आणि पुढे ढकललेल्या मजकुरावर तशी खूण छापायला सुरुवात केली. बंधन चांगले. पण ती खूण इतकेच सांगते की हा शब्द दुसऱ्याचा आहे. कोणाचा, ते सांगत नाही.

इथे कोणी पूर्वपक्ष मांडील. ‘महाराज, ऐकलेले पुढे नेणे हे तर आपल्याच संप्रदायाचे काम. टाळकरी चरण झेलतात आणि पुन्हा म्हणतात. तुकोबांचे शब्द संताजी जगनाड्यांनी उतरवून घेतले म्हणून आपल्यापर्यंत आले. मग मोबाईलवर पुढे पाठवले तर काय बिघडले?’

शंका रास्त आहे. तिचे उत्तर नाथमहाराजांच्या एका कामात आहे. ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये सांगितली गेली. पुढे तीनशे वर्षे तिच्या हाताने नकला होत राहिल्या. नकलेमागून नकल होताना चुका शिरल्या, कोणी आपल्या पदरच्या ओव्या घातल्या. नाथमहाराजांनी निरनिराळ्या पोथ्या ताडून पाहिल्या आणि शके 1506 मध्ये, म्हणजे इ.स. 1584 साली, शुद्ध प्रत सिद्ध केली. पुढे येणारा प्रत्येक शब्द खरा नसतो, तो मुळाशी नेऊन ताडावा लागतो, हे आपल्या संप्रदायाला साडेचारशे वर्षांपासून ठाऊक आहे. टाळकरी चरण म्हणतो तो आधी ऐकून, पाठ करून म्हणतो. चुकला तर शेजारचा तिथेच थांबवतो. आणि ज्याचे नाव त्या अभंगात आहे त्याच्या नावानेच म्हणतो. श्रवण आधी, उच्चार नंतर. नवविधा भक्तीत श्रवण पहिले आणि कीर्तन दुसरे, हा क्रम काही उगाच लागलेला नाही. मोबाईलवर हा क्रम उलटतो. मजकूर पुरता वाचून होण्याआधी बोट पुढे पाठवायच्या खुणेवर पडलेले असते.

आता तर तुकोबांच्या नावावर कोणीही चार यमके जुळवून पाठवतो, खाली विठ्ठलाचे चित्र लावतो आणि आपण ‘सुंदर विचार’ म्हणून हात जोडतो. नाममुद्रा नसलेला शब्द वाईट. खोटी नाममुद्रा लावलेला त्याहून वाईट. घरात गाथा असेल तर काढून पाहा. सापडला नाही तर पुढे पाठवू नका. एवढी साधी परीक्षा आपण घेत नाही.

कीर्तनकारांच्या बाबतीतही मला बोलले पाहिजे, कारण माझी हयात त्यातच गेली. कीर्तनाचा अभंग दोन तास उलगडतो. त्यात पूर्वपक्ष येतो, म्हणजे विरुद्ध बाजूचे म्हणणे आम्ही आधी पूर्ण ताकदीने मांडतो. नंतर प्रमाणे देऊन ते खोडतो आणि सिद्धांत सांगतो. आता कोणी त्या दोन तासांतले तीस सेकंद कापतो. कापलेला तुकडा बहुधा पूर्वपक्षाचा असतो, कारण तोच चटकदार. जे खोडायला घेतले होते तेच वक्त्याचे मत म्हणून जिल्हाभर फिरते आणि खाली शिव्यांचा पाऊस पडतो. हे झाले कापणाऱ्याचे. पण आमच्यातही काही जणांनी ही गोम ओळखली आहे. ते तीस सेकंदांसाठीच कीर्तन करतात. मोबाईल उंच धरलेले दिसले की सुनेवर, मुलींच्या कपड्यांवर एक टोला मारतात. हशा मिळतो, तुकडा फिरतो, पुढच्या सप्ताहाची बिदागी वाढते. अशा वेळी समोरचा श्रोता गौण होतो आणि न दिसणारा श्रोता मालक होतो. कीर्तनकाराने ज्याच्या डोळ्यांत पाहून बोलायचे, त्याच्याकडेच पाठ फिरते. अभंग नावापुरता उरतो.

न दिसणाऱ्याशी बोलण्याची ही सवय माणसाची भाषा बदलते. गावच्या पारावर ज्याला ‘अहो तात्या’ म्हणतो, त्यालाच ग्रुपवर अरेतुरे करतो. वारीत लहानथोर, जातपात न पाहता एकमेकांच्या पायाला हात लावून ‘माऊली’ म्हणतो. तीच माणसे मोबाईलवर एकमेकांच्या जातीचा उद्धार करतात. पायाला हात लावायचा तर वाकावे लागते, आणि वाकलेल्या माणसाला शिवी सुचत नाही. मोबाईलवर वाकावे लागत नाही.

सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत 10 सप्टेंबर 2023 च्या रात्री काय झाले ते आपण जाणता. समाजमाध्यमावरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून जमाव पेटला, घरेदुकाने जाळली गेली, प्रार्थनास्थळावर हल्ला झाला, एका तरुणाचा जीव गेला. जिल्ह्याचे इंटरनेट बंद करावे लागले. मजकूर संतापजनक होता, यात वाद नाही. पण संतापाला उत्तर देण्याची आपली रीत कोणती? तुकोबारायांची पालखी देहूतून निघाली की पहिली आरती अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी होते. शेख महंमदांचे नाव आपण संतमालिकेत घेतो. ज्यांच्या घरी ही रीत आहे, त्यांच्या मुलाबाळांनी बोटाएवढ्या पडद्यावरच्या ओळीसाठी शेजाऱ्यावर हात उचलावा, हे दुःख कोणत्याही एका धर्माचे नाही.

तक्रार मांडण्याचीसुद्धा आपली एक रीत आहे. माऊलींची पालखी नीरास्नान करून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम होतात. तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात आणि हजारो टाळमृदंग एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती एकटीच टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, म्हणणे ऐकतात, निवाडा होतो, मगच आरती. पाहा त्यात काय काय आहे. आधी सगळ्यांची शांतता. मग तक्रार करणारा कोण, हे सगळ्यांना दिसते. त्याचे ऐकून घ्यायला जबाबदार माणूस चालत जातो. आणि त्याच ठिकाणी, त्याच संध्याकाळी ती तक्रार संपते. मोबाईलवर सगळे टाळ एकदम वाजत असतात आणि दंड उंचावणारा कोणी नाही.

आता न्यायाने दुसरी बाजूही सांगतो. 2020 आणि 2021 मध्ये करोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरीला गेल्या. तेव्हा घरात अडकलेल्या वारकऱ्यांनी विठुरायाचे मुखदर्शन याच पडद्यावर घेतले. अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसे कानाशी मोबाईल ठेवून कीर्तन ऐकतात. मुंबईत, पुण्यात पोटासाठी गेलेल्या पोराचे तोंड आईला रोज दिसते. या उपकाराला मी नाही म्हणत नाही. यात बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे दोघांनाही माहीत आहे. म्हणूनच ते गोड आहे.

सांगली जिल्ह्याने उपायाचीही वाट दाखवली आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात 2022 च्या स्वातंत्र्यदिनी महिलांच्या ग्रामसभेत ठराव झाला. तेव्हापासून संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो. मोबाईल आणि टीव्ही बंद होतात, ते साडेआठचा भोंगा होईपर्यंत. करोनात मुलांच्या हाती अभ्यासासाठी मोबाईल आला आणि शाळा उघडल्यावरही तो सुटेना, यातून हे निघाले. हे जमेल का, अशी शंका गावातच होती. सरपंच विजय मोहिते, आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. गावाने ऐकले. मी या गावाला मनापासून नमस्कार करतो.

पण एक विनंती आहे. दीड तासाचा हा उपवास आहे, आणि एकादशी आपण सारे करतो, म्हणून उपवासाचे गुणदोष आपल्याला ठाऊक आहेत. दिवसभर लंघन करून द्वादशीला भांडण काढले, तर पोट रिकामे राहिले एवढेच. साडेआठला पुन्हा मोबाईल हाती आल्यावर तीच बिनधन्याची वाक्ये पुढे जाणार असतील, तर वेळ सुधारला, वाणी सुधारली नाही. वडगावचा ठराव झाला ऑगस्टमध्ये. त्याच जिल्ह्यात लवंग्याची घटना घडली सप्टेंबरमध्ये. तिथे प्रश्न किती तास मोबाईल पाहिला याचा नव्हता. कोणत्या शब्दावर विश्वास ठेवला, याचा होता. संध्याकाळी सात ही आपल्याकडे हरिपाठाची वेळ. भोंग्याने जी शांतता मिळते, तिच्यात चार घरांनी जरी एकत्र बसून हरिपाठ म्हटला आणि नंतर घडीभर एकमेकांचे ऐकले, तरी ऐकण्याची सवय परत येईल. ऐकायला शिकलेला माणूस वाट विचारणाऱ्यावर काठी उचलत नाही.

माळ घालताना आपण काही नियम घेतो. त्यांत एक वाढवावा, असे माझे सांगणे आहे. कोणताही मजकूर पुढे पाठवण्यापूर्वी त्याच्या शेवटी मनातल्या मनात आपली नाममुद्रा घालून पाहा. आपले नाव, पुढे ‘म्हणे’. हे मी पाहिले आहे का? भर दिंडीत, ज्याच्याविषयी आहे त्याच्या समोर, मी हे म्हणेन का? जाब विचारायला कोणी आला तर मी दार उघडेन का? उत्तर होय असेल तर खुशाल पाठवा, आणि खाली खरोखरच नाव लिहा. नाही असेल तर तो शब्द आपल्यापाशीच थांबू द्या. आपल्याकडे येऊन थांबलेली अफवा ही मोठी सेवा आहे. ती कोणाला दिसत नाही, तिला कोणी अंगठा दाखवत नाही, पण एखादा वाटसरू तिच्यामुळे सुखरूप पंढरीला पोचतो.

राम कृष्ण हरी.